रात्रीच्या दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण : देखभालीतली चूक उड्डाणाआधी कशी पकडावी

विमानाची देखभाल बहुतेक वेळा रात्री होते आणि पहिलं उड्डाण पहाटेचं असतं. रात्री कुठे काही चुकलं असेल, तर ते पकडण्याची शेवटची संधी वैमानिकांकडे असते, आणि तीही जेमतेम तासाभराची. कोकण किनाऱ्यावर ही संधी आणखी महत्त्वाची ठरते. मुंबई किंवा गोव्यातल्या मोपाहून निघालेलं विमान सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर उतरलं आणि तिथे बिघाड लक्षात आला, तर हँगर नाही, सुटे भाग हाताशी नाहीत, परतीचे प्रवासी बाहेर ताटकळत उभे. म्हणून चूक सापडायची तर ती मूळ तळावर, दारं बंद होण्याआधी सापडावी.

हा लेख नव्याने फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) झालेल्यांसाठी आणि एएमईचं, म्हणजे विमान-देखभाल अभियंत्याचं, शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः एटीआर ७२ आणि एअरबस ए३२० यांच्या अंगाने दिली आहेत. आकडे आणि मर्यादांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या मॅन्युअलचा आणि कंपनीच्या एसओपीचा (ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचा).

आमचं ठाम मत आधीच सांगतो. वॉकअराउंड, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती मारायची तपासणीची फेरी, रोज त्याच क्रमाने, सगळीकडे सारखंच लक्ष देऊन केलं की डोळे सरावतात आणि बघूनही दिसेनासं होतं. क्रम तोच ठेवा, पण काल रात्री जिथे माणसाचा हात लागला आहे तिथे थांबा. विमानाचे भाग अचानक, आपोआप बिघडतात ते वेगळं. देखभालीतली चूक मात्र जिथे काही उघडलं, काढलं, बदललं किंवा झाकलं, तिथेच असते.

टेक लॉग आधी, टॉर्च नंतर

विमानाकडे चालत जाण्याआधी टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही, हातात घ्या. फक्त शेवटचं पान नको, निदान मागच्या ३ दिवसांच्या नोंदी वाचा. वाचताना एका कागदावर लिहून काढा : कोणता भाग बदलला, कोणतं पॅनल उघडलं, कोणती यंत्रणा बंद केली, विमान टो करून (ओढून) हलवलं का, धुतलं का. धुलाईची नोंद क्षुल्लक वाटते. तशी ती नाही, हे पुढे येईलच.

एमईएलखाली, म्हणजे कोणत्या बिघाडासह उडता येतं त्या यादीखाली, पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची मुदत स्वतः मोजा. बी गटाला ३ दिवस, सी गटाला १०, डी गटाला १२०. नोंद केल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. ए गटाची मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. एमईएलमधल्या अनेक नोंदींसोबत देखभालीची एक कृती जोडलेली असते, उदाहरणार्थ एखादा सर्किट ब्रेकर ओढून (वीजप्रवाह तोडून), तो चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याला कॉलर लावणे. ती झाली आहे का, हे प्रत्यक्ष बघा.

मग एएमईला एकच प्रश्न विचारा : ‘रात्री कुठे कुठे उघडलं होतं?’ ‘सगळं ओके आहे ना?’ असं विचारलं की ‘हो सर’ एवढंच उत्तर मिळतं. पहिला प्रश्न विचारला की माणूस रात्रीची कामं मनात पुन्हा फिरवून बघतो आणि राहिलेली गोष्ट कधी कधी त्याला स्वतःलाच आठवते. पहाटे २ ते ६ ही शरीराची सर्वांत मंद वेळ असते. समोरचा माणूस त्या वेळात काम करून उभा आहे, हे ध्यानात ठेवून आदराने विचारा. शिफ्ट मध्येच बदलली असेल, तर ज्या कामाची सुरुवात एकाने आणि शेवट दुसऱ्याने केला ते काम नावानिशी विचारा. अर्धवट राहिलेलं काम याच सांध्यात निसटतं.

पिटो आणि स्टॅटिक : किनाऱ्यावरची मुख्य गोष्ट

विमानाला वेग आणि उंची कळते ती पिटो ट्यूब आणि स्टॅटिक पोर्टमधून. दोन्ही म्हणजे शेवटी बारीक छिद्रं. कोकणात ही छिद्रं बुजवायला बरंच काही टपलेलं असतं : जांभ्याची लाल धूळ, खाऱ्या वाऱ्याचं किटण, पावसाचं पाणी आणि कुंभारीण माशी. खिडकीच्या चौकटीत चिखलाची घरटी करणारी हीच माशी मोकळी नळी दिसली की तिच्यातही माती भरते. विमान काही तास उभं असलं तरी तिला तेवढा वेळ पुरतो.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. विमान त्याआधी काही दिवस पिटो कव्हर न लावता उभं होतं. एक पिटो ट्यूब बुजली होती, बहुधा अशाच माशीने. म्हणून कव्हर लावायलाच हवं. पण लावलेलं कव्हर काढायचं राहिलं की काय होतं, ते ब्रिस्बेनला दिसलं. १८ जुलै २०१८ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं ए३३० तिन्ही पिटो कव्हरांसकट उडालं, आणि ती कव्हरं लावली होती माशीपासून बचाव म्हणूनच. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं. त्याच विमानतळावर २७ मे २०२२ रोजी सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३५० ची कव्हरं निघण्याच्या ऐन वेळेपर्यंत तशीच होती. शेजारच्या जागेवर इंधन भरणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं आणि उड्डाण वाचलं. वॉकअराउंडची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्या हातून ते सुटलं होतं.

तेव्हा हे असं करा. विमानावर किती कव्हर, किती प्लग आणि किती पिना असतात हा आकडा पाठ ठेवा आणि काढलेल्या वस्तू त्यांच्या पेटीत स्वतः मोजा. एटीआरवर पिटो, स्टॅटिक आणि अँगल ऑफ अटॅक सेन्सरची (पंखाला हवा कोणत्या कोनात लागते ते मोजणाऱ्या) कव्हरं, दोन्ही इंजिनांच्या तोंडचे प्लग, प्रोपेलर बांधायचे पट्टे, तीन गिअर पिना (चाकं जमिनीवर दुमडू नयेत म्हणून लावलेल्या) आणि शेपटीखालचा टेकू एवढं तरी धरा. पेटीत एक कमी असेल, तर ते विमानावरच आहे असं समजून शोधा. लाल फितीवर भिस्त ठेवू नका. भिजलेली फीत नळीला चिकटून बसते, उन्हाने विटते, कधी तुटूनही जाते आणि कव्हर मात्र जागेवर राहतं. फीत दिसली नाही म्हणजे कव्हर नाही, असं नव्हे.

पिटोच्या तोंडाकडे समोरून बघा. छिद्र काळं आणि गोल दिसलं पाहिजे. करडी किंवा लालसर कड दिसली तर एएमईला बोलवा. नळीत काडी, तार किंवा फुंकर घालू नका. फुंकर मारल्याने आतल्या सेन्सरला इजा होते. नळी तापलेली असू शकते, म्हणून हातही लावू नका.

स्टॅटिक पोर्टसाठी टॉर्च समोरून न धरता विमानाच्या अंगाला समांतर, तिरपी धरा. समोरच्या उजेडात पत्र्याच्या रंगाची टेप पत्र्यात मिसळून जाते. तिरप्या उजेडात तिची कड सावली टाकते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून रात्री उडालेल्या एअरोपेरूच्या ७५७ चे स्टॅटिक पोर्ट धुलाईच्या वेळी लावलेल्या टेपने झाकलेले होते. टेप काढायची राहिली, फेरी मारणाऱ्यांना ती दिसली नाही, आणि ७० माणसं गेली. म्हणून टेक लॉगमध्ये किंवा कामाच्या यादीत धुलाई असेल, तर प्रत्येक पोर्टपाशी थांबून दोन्ही बाजू बघा. पोर्टभोवतीचा पत्रा गुळगुळीत हवा. ताजा रंग, मेणाचा थर, पोचा यांपैकी काही दिसलं तर विचारा. रात्रभर धो धो पाऊस पडला असेल तर पिटो-स्टॅटिक नळ्यांतलं पाणी काढण्याबद्दल एएमईशी बोला.

इंजिन, पॅनल, पिना

काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणांचे, लॅच (खटके) खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. ए३२० कुटुंबात ते इंजिनाच्या पोटाशी, जमिनीच्या अगदी जवळ असतात. उभ्याने बघितलं तर झाकण बंदच वाटतं, कारण ते स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेलं असतं. २४ मे २०१३ रोजी हीथ्रोहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ए३१९ च्या दोन्ही इंजिनांची फॅन काउल दारं उड्डाणातच निखळून पडली. रात्री काम अर्धवट सोडून गेलेले तंत्रज्ञ परतले ते दुसऱ्याच विमानापाशी, आणि पहाटेच्या वॉकअराउंडमध्ये उघडे लॅच दिसले नाहीत. पावसाळ्यात एप्रनवर पाणी साचलेलं असताना गुडघा टेकायचा कंटाळा येतो. रेनकोटची पँट घाला आणि टेका. प्रत्येक लॅच पत्र्याशी सपाट आहे ना, दोन झाकणांमधली फट सगळीकडे सारखी आहे ना, हे बघा. एटीआरचं इंजिन उंचावर असल्याने वाकावं लागत नाही, पण मान वर करून पावसात बघावं लागतं. टॉर्च जोरकस असू द्या.

इंजिनाच्या तोंडात टॉर्च मारताना विसरलेलं फडकं, अवजार, प्लगचा तुकडा आणि घरट्याच्या काड्या या चार गोष्टी शोधा. साळुंकी आणि चिमण्या थोड्या वेळातही काड्या आणून टाकतात. प्रोपेलरची सहाही पाती एकेक करून बघा : कडेवरचे टवके, मुळाशी तेलाची रेघ. रात्री तेल भरलं असेल तर त्या झाकणाचा लॅच आणि खाली ओघळ आहे का, एवढं नक्की.

पॅनलबाबत सोपी रीत : यादीत असलेल्या प्रत्येक पॅनलपाशी जाऊन स्क्रूंची ओळ बोटाने मोजा. रंगाचा थर तुटलेला, चकचकीत घासलेला स्क्रू म्हणजे ते पॅनल नुकतं उघडलं होतं. त्याच्या शेजारी एखादं रिकामं छिद्र असेल तर तिथेच थांबा.

गिअर पिना काढून कॉकपिटमध्ये ठेवायच्या असतात. तिथे त्या मोजल्या तरी गिअरपाशी जाऊन पिनेचं छिद्र रिकामं आहे हेही बघा, कारण कधी जास्तीची पिन वापरलेली असते. टो करून आणलेल्या विमानात नोज व्हील स्टिअरिंगची बायपास पिन (ओढताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी) राहू शकते. ब्रेकची झीज दाखवणारी खूणपिन पार्किंग ब्रेक लावलेला असतानाच वाचा. ब्रेक सैल असेल तर ती खोटं सांगते.

कॉकपिट : स्विच कुठे आहे, तो तिथे कोणी ठेवला

देखभालीच्या चाचणीसाठी स्विच हलवले जातात आणि काही तिथेच राहतात. १४ ऑगस्ट २००५ च्या हेलिओस एअरवेजच्या ७३७ मध्ये केबिनमधल्या हवेच्या दाबाचा सिलेक्टर गळती-चाचणीनंतर मॅन्युअलवर राहिला होता. उड्डाणाआधी आणि नंतरच्या तपासण्यांमध्ये तो कोणाच्या लक्षात आला नाही. १२१ जण गेले. म्हणून दाब, हायड्रॉलिक पंप, इंधन पंप, इएलटी (अपघातात ठिकाण कळवणारा आपत्कालीन प्रेषक), बर्फनिरोधक यंत्रणा यांचे स्विच चेकलिस्टचं उत्तर ओठांवर येण्याआधी डोळ्याने वाचा. हात स्विचपर्यंत न्या, स्थिती वाचा, मग बोला.

सर्किट ब्रेकरची प्रत्येक ओळ तळहाताने हलकेच चाचपून बघा. उजेड कमी असला तरी बाहेर आलेला ब्रेकर हाताला लागतो. सापडला तर स्वतः दाबू नका. तो कोणीतरी मुद्दाम ओढलेला असू शकतो आणि पलीकडे अजूनही कोणी तंत्रज्ञ काम करत असू शकतो.

ऑक्सिजनची तपासणी बहुतेकजण घाईत करतात, म्हणून जरा सविस्तर. बाटली बदलल्यावर तिचा झडपकोक बंद राहिला, तरी नळीत अडकलेल्या दाबाने मास्कमध्ये एक फुंकर जोरात येते आणि तपासणी पास झाल्यासारखी वाटते. म्हणून चाचणीचं बटण दाबून काही सेकंद सलग प्रवाह सोडा आणि त्याच वेळी दाबाच्या काट्याकडे किंवा आकड्याकडे बघा. दाब घसरत गेला किंवा प्रवाह मंदावला, तर झडप बंद आहे किंवा अर्धवट उघडी आहे. किनाऱ्यालगत, पाण्यावरून जाणाऱ्या मार्गासाठी लाइफ जॅकेटांच्या जागा आणि इएलटीचा स्विच याच फेरीत उरकून घ्या. आसनं रात्री काढली असतील, तर आसनांखालची जॅकेटं परत ठेवली आहेत का, हे केबिन क्रूकडून मोजून घ्या.

इंधनाचा हिशेब कागदावर

एटीआर उडवणाऱ्या प्रत्येकाला ६ ऑगस्ट २००५ चं ट्यूनइंटरचं उड्डाण माहीत असलंच पाहिजे. आदल्या संध्याकाळी इंधनदर्शक बदलताना एटीआर ७२ मध्ये एटीआर ४२ चा दर्शक बसवला गेला. टाक्या रित्या होऊन सिसिलीजवळ विमान समुद्रात उतरलं तेव्हाही दर्शक १८०० किलो दाखवत होता. ३९ पैकी १६ जण गेले. इंधन वाढलेलं दिसतंय पण भरल्याची पावती नाही, ही विसंगती कॅप्टनच्या लक्षात आली होती; पावती मिळाली नाही आणि उड्डाण झालं.

हिशेब असा मांडा. समजा, आदल्या उड्डाणानंतर इंजिन बंद करताना दर्शकावर ११०० किलो होते. त्यानंतर हॉटेल मोडमध्ये, म्हणजे प्रोपेलर रोखून जमिनीवर इंजिन फक्त वीज आणि हवेसाठी चालवताना, ५० किलो जळले, म्हणजे १०५० उरले. पावतीवर १९०० लिटर भरल्याची नोंद आहे आणि त्यावर घनता ०.७९ आहे. १९०० गुणिले ०.७९ म्हणजे १५०१ किलो. एकूण २५५१ किलो दिसायला हवेत. दर्शक २५३० किंवा २५७० दाखवत असेल तर तो फरक कंपनीच्या मर्यादेत बसतो का ते बघा. २९०० दाखवत असेल तर कुणाच्या सांगण्यावरून पुढे जाऊ नका. पंखाखालच्या मोजकाठ्यांनी टाकी मोजून घ्या. दर्शक किंवा टाकीतला प्रोब नुकताच बदलला असेल, तर काठ्यांनी मोजणं आणि बसवलेल्या भागाचा पार्ट नंबर याच विमान-प्रकाराच्या यादीत आहे का ते एएमईकडून ताडून घेणं, या दोन्ही गोष्टी मागून घ्या. हिशेब तोंडी करू नका. लिटर आणि किलोची गफलत कागदावर लगेच दिसते, बोलण्यात दिसत नाही.

दमट हवेत टाकीच्या भिंतींवर पाणी धरतं. रात्रभर अर्धी टाकी ठेवून उभ्या राहिलेल्या विमानाचा इंधन-नमुना काढला का, तो स्वच्छ होता का, हे विचारा.

कंट्रोल चेक : हललं का एवढंच नको, कुठे हललं ते बघा

सर्वांत जास्त मन लावायचं ते इथे. कंट्रोल पूर्ण हलतात का, हे सगळे बघतात. कोणत्या दिशेला हलतात, हे बघायचं राहून जातं.

२० मार्च २००१ रोजी फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ए३२० मध्ये कॅप्टनच्या साइडस्टिकच्या (विमान वळवायच्या दांड्याच्या) तारा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या होत्या. जमीन सोडताच विमान उलट्या बाजूला कलू लागलं, पंखाचं टोक धावपट्टीच्या अगदी जवळ आलं, आणि ज्याची साइडस्टिक नीट होती त्या सहवैमानिकाने ते सावरलं. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी मोठ्या देखभालीनंतर पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्काहून उडालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर १९० मध्ये एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेवरच्या फळ्यांच्या) केबल उलट बसल्या होत्या. वैमानिकांनी अतोनात झगडून ते बेजाला उतरवलं. दोन्ही वेळा जमिनीवरच्या कंट्रोल चेकमध्ये दिशेची चूक पकडता आली असती.

दिशा अशा लक्षात ठेवा. व्हील किंवा स्टिक डावीकडे : डावा एलेरॉन वर, उजवा खाली, आणि ज्या विमानात स्पॉयलर (पंखाच्या पाठीवर उचलल्या जाणाऱ्या फळ्या) कलायला मदत करतात तिथे डावे स्पॉयलर वर. व्हील दोन्ही हातांनी धरून अंगठे सरळ ठेवा. वळवल्यावर अंगठे ज्या बाजूला झुकतात त्या बाजूचा एलेरॉन वर असला पाहिजे. मागे ओढलं की एलिव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या फळीची) मागची कड वर. डावं पेडल दाबलं की रडरची (शेपटीवरच्या उभ्या फळीची) मागची कड डावीकडे. ट्रिम टॅबच्या (एलिव्हेटरच्या कडेवरच्या छोट्या पट्टीच्या) बाबतीत भलेभले गोंधळतात : नाक वर करण्याचा ट्रिम दिला की एलिव्हेटरवरचा टॅब खाली जातो. जिथे पूर्ण स्टॅबिलायझरच (शेपटीचा आडवा पंख) फिरतो, तिथे त्याची पुढची कड खाली जाते.

पडद्यावर दिसणाऱ्या चित्राकडे बघताना साथीदाराने ‘फुल लेफ्ट’ म्हणणं पुरेसं नाही. तो स्टिककडे बघून म्हणतोय की पडद्याकडे, हे आधी ठरवून घ्या. त्याने पडद्याकडेच बघायचं. कंट्रोलवर रात्री काम झालं असेल तर आणखी एक पायरी वाढवा : दोघांनी आपापल्या स्टिक-व्हीलवरून वेगवेगळी तपासणी करायची, आणि एएमईने विमानाबाहेर, हेडसेट लावून, प्रत्येक पृष्ठभाग कुठे गेला ते आपल्या शब्दांत सांगायचं. ‘ओके’ नव्हे, ‘डावा वर, उजवा खाली’. जास्तीची दोन-चार मिनिटं लागतात. अशा कामाला टेक लॉगमध्ये स्वतंत्र तपासणीची दुसरी सही लागते; ती नसेल तर विमान घेऊ नका.

काही चुका वैमानिकाला दिसणं शक्यच नसतं, हेही मान्य करावं लागतं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन विमानाची समोरची काच उड्डाणात निखळली, कारण ९० पैकी ८४ बोल्ट मापापेक्षा बारीक होते. बाहेरून बघून ते कुणालाही कळलं नसतं. अशा कामांना दुसरी सही हीच खरी राखण आहे, म्हणून त्या सहीबद्दल विचारताना संकोच नको.

सापडलं, आता काय

थांबा आणि कॅप्टनला सांगा. सांगताना वस्तू आणि जागा सांगा : ‘उजव्या इंजिनाचा मधला लॅच उघडा आहे’. ‘काहीतरी गडबड वाटतेय’ एवढ्याने काम पुढे सरकत नाही.

स्वतः दुरुस्त करू नका, लॅच दाबण्याइतकं सोपं असलं तरी. एक उघडा लॅच सापडला याचा अर्थ ते काम शेवटपर्यंत तपासलेलं नाही. बाकीचे लॅच, झाकणाखालचं तेल, विसरलेली अवजारं या सगळ्यांवरच शंका येते. शक्य असेल तर फोटो काढून ठेवा. टेक लॉगमध्ये नोंद करा, एएमईकडून दुरुस्ती आणि सही घ्या आणि मग ती जागा स्वतः पुन्हा बघा. विमानाला नुकताच पुन्हा हात लागला आहे, त्यामुळे ‘हात लागला तिथे थांबा’ हा सुरुवातीचा नियम परत लागू होतो. एका इंजिनात चूक सापडली तर दुसऱ्या इंजिनाचं तेच काम त्याच माणसाने केलं का, हे विचारा आणि तिथेही बघा.

‘सर, एवढ्याने काही होत नाही, स्लॉट जाईल’ (उड्डाणाची नेमून दिलेली वेळ चुकेल) असं कोणी म्हणेल. कॅप्टनने शांतपणे सांगावं : ‘नोंद झाली, सही झाली की लगेच निघू.’ प्रवाशांना खरं कारण साध्या शब्दांत सांगा. गणपतीला गावी निघालेला माणूससुद्धा तपासणीसाठीचा उशीर समजून घेतो.

दारं बंद झाल्यावर किंवा पुशबॅक सुरू असताना जमिनीवरचा कोणी हात हलवत असेल, तर आधी विमान थांबवा, मग विचारा. टॅक्सी करताना ब्रेक एकीकडे ओढतोय, स्टिअरिंग जड आहे, दोन वेगदर्शकांपैकी एक हलत नाही, असं काही दिसलं तर धावपट्टीआधीच्या होल्डिंग पॉइंटवर उभं राहून चर्चा करण्यापेक्षा स्टँडवर परता.

धावपट्टीवरही एक तपासणी उरते. वेग वाढताना ठरलेल्या टप्प्यावर दोन्ही वेगदर्शक ताडून बघायचे असतात : एटीआरवर ७० नॉट, ए३२० वर १००. याआधीही काटा जागचा हलतोय ना, याकडे बघणाऱ्या वैमानिकाचं लक्ष असू द्या. बर्जनएअरच्या कॅप्टनला आपला वेगदर्शक चालत नाही हे धावतानाच कळलं होतं, तरी उड्डाण चालू राहिलं. चिपीची धावपट्टी २५०० मीटरची आहे. एटीआर ७० नॉटच्या आसपास थांबवायला त्यात भरपूर जागा उरते. दोन दर्शकांत फरक दिसला की ‘स्टॉप’ म्हणा, परत या, आणि पिटोपासून सुरुवात करा.

त्याच दिवशी कंपनीच्या सुरक्षा विभागाला अहवाल द्या. त्यात चूक कोणाची हे न लिहिता काम कधी झालं, उजेड कसा होता, पाऊस होता का, शिफ्ट बदलली होती का, चूक कोणत्या पायरीला दिसली आणि त्याआधीच्या कोणत्या पायऱ्यांवर ती दिसायला हवी होती, एवढं लिहा. टेक लॉगचं पान आणि फोटो सोबत जोडा, आणि रात्रपाळीच्या एएमईला अहवाल पाठवल्याचं स्वतः फोन करून कळवा.